संग्रामपूरची हाक आणि ती ऐकणारी माणसे

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला संग्रामपूर तालुका आहे. वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आणि आदिवासी वस्त्या, खालच्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. टुनकीच्या शिवारात रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला साप चावला आणि घरच्यांनी १०८ लावला, की फोन वाजतो तो चारशे किलोमीटर दूर, पुण्याच्या औंधमध्ये. सोनाळ्यात मारहाण झाली आणि कुणी ११२ लावला, तर तो नवी मुंबईत महापेला किंवा नागपूरला उचलला जातो. मदतीची गाडी जवळच्या रुग्णालयातून किंवा तामगाव-सोनाळ्याच्या ठाण्यातूनच निघते. पण ती निघायची कधी आणि कुठे, हे हेडसेट लावून बसलेल्या एका अनोळखी माणसाने पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय ऐकले आणि काय समजून घेतले, यावर ठरते.

आपण गाड्या मोजतो, गाडी किती मिनिटांत आली ते मोजतो. ज्या खोलीत हाक पोहोचते तिथले वातावरण कसे आहे, तिथल्या माणसांना किती तास झोप मिळते, त्यांच्या बोलीची थट्टा होते का, त्यांची चूक झाली तर काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. या लेखात त्याच प्रश्नांचा आढावा घेतला आहे. माझे म्हणणे सरळ आहे. या खोलीतले आरोग्य आणि सर्वसमावेशकता ही कर्मचाऱ्यांसाठीची वेगळी सवलत समजू नये. संग्रामपूरपर्यंत पोहोचणाऱ्या मदतीचा तो पहिला टप्पा आहे.

व्यवस्था कशी उभी राहिली

पूर्वी पोलिसांना १००, अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला ज्याच्या त्याच्या ओळखीचा नंबर, अशी स्थिती होती. महाराष्ट्रात १०८ ची आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा होता: २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असेल, हे या योजनेचे वैशिष्ट्य. सेवा सरकारची, पण चालवणारी खासगी कंपनी, अशी तिची रचना आहे. गरोदर माता आणि नवजात बाळांसाठी १०२, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक वेगळे आहेत.

सगळ्या संकटांसाठी ११२ हा एकच क्रमांक असावा, या कल्पनेला देशात निर्भया निधीतून बळ मिळाले. पहिली सुरुवात २८ नोव्हेंबर २०१८ ला हिमाचल प्रदेशात झाली. महाराष्ट्रात ही यंत्रणा २०२१ मध्ये आली. मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरे नागपुरात, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात डिस्पॅचर. फोन केंद्रात घेतला जातो, त्याची नोंद जिल्ह्याकडे जाते आणि जिल्हा जवळच्या गाडीला पाठवतो.

केंद्रीकरणाचे फायदे खरे आहेत. फोन वाया जात नाही, संभाषण ध्वनिमुद्रित होते, गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसते. पण त्यामुळे तालुक्याची सगळी माहिती नसलेल्या माणसाच्या कानावर तालुक्याचे सगळे दुःख जाऊन पडते. या खोलीतले बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

कानावर पडणारे ओझे

या कामात रक्त दिसत नाही, म्हणून ते टेबलावरचे काम समजले जाते. अमेरिकेत अगदी अलीकडेपर्यंत ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे फोन घेणाऱ्यांची सरकारी वर्गवारी कार्यालयीन सहायकांमध्ये होत आली आहे आणि ती बदलण्यासाठी त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला आहे. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या हेदर पिअर्स आणि मिशेल लिली यांनी २०१२ मध्ये १७१ कॉल टेकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घटनास्थळापासून दूर असूनही फोन घेताना होणारा भावनिक त्रास आणि नंतरची आघातोत्तर तणावाची लक्षणे यांचा संबंध त्यांना आढळला. सर्वांत वाईट फोन कोणता, या प्रश्नावर लहान मुलाच्या मृत्यूचा किंवा इजेचा उल्लेख सर्वाधिक झाला.

आपल्याकडे हे ओझे कमी नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. तीन आठवड्यांनी, २२ जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदी-नाल्यांना पूर आले, रस्ते तुटले. अशा वेळी एकाच घटनेचे फोन एकामागून एक येतात. कुणी किंचाळत असते, कुणी शिव्या देते, कुणी नुसतेच रडते. पुरात गाडी अडकली असेल तर कॉल घेणाऱ्याकडे द्यायला धीराशिवाय काहीच उरत नाही आणि तोही आवाज न कापता द्यावा लागतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला भावनिक श्रम म्हटले. हे श्रम पगारपत्रकात दिसत नाहीत.

त्यात आणखी तीन गोष्टी भर घालतात. पहिली, शेवट न कळणे. गाडी पोहोचली की कॉल बंद होतो. पोर वाचले की नाही, हे फोन घेणाऱ्याला बहुधा कधीच समजत नाही. दुसरी, खोटे आणि घाणेरडे फोन. मुले खेळ म्हणून नंबर लावतात, दारूच्या नशेत कुणी तास तास छळतो, आणि पलीकडे बाईचा आवाज आहे हे कळले की अश्लील बोलणारेही असतात. खरा फोन चुकू नये म्हणून प्रत्येक फोन घ्यावाच लागतो. तिसरी, रात्रपाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. झोपेचे चक्र दर आठवड्याला उलटवणाऱ्या ड्युटीच्या वेळापत्रकाचा परिणाम निर्णयशक्तीवरही होतो, आणि या कामात निर्णयशक्तीच तर लागते.

बोली, गावांची नावे आणि खोलीतली माणसे

सर्वसमावेशकतेचा विषय निघाला की तो शहरी कार्यालयांच्या फलकांवरचा वाटतो. संग्रामपूरच्या बाजूने पाहिले तर तो जीवनमरणाचा आहे.

आपल्या भागात साप चावला असे कुणी पटकन म्हणत नाही. “पान लागलं” म्हणतात. “पोरानं औषध घेतलं” या वाक्याचा अर्थ डॉक्टरांची गोळी असाही होतो आणि पिकावर फवारायचे विषही. पत्ता म्हणून सांगितले जाते ते अमक्याचे वावर, तमका धुरा, नाल्याच्या अलीकडची पांदण. तालुक्यात वरवट बकाल आहे आणि वरवट खंडेरावही आहे. शेजारचे जळगाव जामोद घाईत नुसते जळगाव म्हणून सांगितले गेले, तर खानदेशातल्या जिल्ह्याचे नाव पडद्यावर यायला वेळ लागत नाही. डोंगराकडच्या पाड्यांतून येणाऱ्या फोनवर मराठीही मोडकी असते, कारण घरातली बोली वेगळी. गावात उर्दू आणि हिंदी बोलणारी घरे आहेतच.

आता त्या खोलीत वऱ्हाडी बोलणारी एखादी मुलगी असेल, तर “पान लागलं” ऐकताच तिचा पुढचा प्रश्न आणि सूचना तयार असतात: किती वेळ झाला, पाय हलवू देऊ नका, कापू नका, बांधू नका. पण हीच मुलगी “मले”, “तुले” म्हणाली की डब्याच्या वेळी हशा पिकत असेल, तर ती काही दिवसांत आपली बोली गिळून टाकेल. पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर वऱ्हाडी फोन अडखळला, तर ती “द्या माझ्याकडे” म्हणायला धजणार नाही. आपल्याकडे चित्रपट-नाटकांनी वऱ्हाडीला बराच काळ विनोदाची भाषा ठरवले आहे. ती सवय आपत्कालीन केंद्रात शिरली तर तिची किंमत टुनकीच्या वावरात मोजावी लागते. जात विचारणारे आडनावांचे प्रश्न, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवणे, सणावाराच्या सुट्ट्यांत एकाच गटाला झुकते माप, नमाज किंवा रोज्याची टर उडवणे, या सगळ्याचाही परिणाम असाच होतो. माणूस आक्रसतो आणि त्याचे ऐकणेही आक्रसते.

अंध व्यक्तींचा विचार इथे मुद्दाम करायला हवा. टेलिफोन ऑपरेटर हे काम आपल्याकडे अंध व्यक्ती अनेक दशके करत आल्या आहेत. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी त्याचे प्रशिक्षण दिले. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे आता मराठीतही चालतात. नकाशावर गाडी शोधण्याचे काम त्यांना देता येणार नाही, पण माहिती घेणे, धीर देणे, परत फोन करून विचारपूस करणे ही कामे त्यांना नक्की देता येतील. तृतीयपंथी व्यक्तींसाठीही दार उघडू लागले आहे: पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी तरतूद करण्याचा आग्रह डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धरला. भरती झाल्यावर नियंत्रण कक्षात त्यांना खुर्ची, स्वच्छतागृह आणि नीट हाक मिळते का, हा पुढचा प्रश्न आहे.

कायदा काय देतो

कायदे अपुरे आहेत असे म्हणता येणार नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक करतो आणि कंत्राटी महिलाही त्यात येतात. त्याच कायद्याचे १९ वे कलम मालकावर आणखी एक जबाबदारी टाकते: कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता. फोनवरचा अश्लील माणूस हा असाच बाहेरचा माणूस आहे. म्हणून एकदा ताकीद देऊन असा फोन तोडण्याचा आणि त्याची नोंद पोलिसांकडे पाठवण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी मिळायला हवा. तो फोन सोसणे हा तिच्या नोकरीचा भाग मानता कामा नये.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची ने-आण मागतो. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. तो प्रत्येक आस्थापनेकडून समान संधीचे धोरण मागतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने तो द्यावा, हे तत्त्व १९७० पासून आपल्याकडे आहे.

अडचण अंमलाची आहे. सेवा सरकारची, चालवणारी कंपनी, आणि काही वेळा माणसे पुरवणारी तिसरीच एजन्सी. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंत्राटाचे नूतनीकरण जवळ आले की तक्रार करायची हिंमतच राहत नाही. निरोगी कार्यसंस्कृतीचे भाषण देण्याआधी ही साखळी सरळ करावी लागेल. कुणाचीही नेमणूक कोणत्याही कागदावर असो, खोलीतल्या सगळ्यांसाठी तक्रारीची जागा एकच हवी.

घड्याळ आणि चूक

प्रत्येक केंद्रात घड्याळ असते. फोन किती सेकंदांत उचलला, किती वेळ चालला, किती फोन झाले. उचलण्याचा वेळ मोजणे योग्यच आहे. बोलण्याच्या सरासरी वेळेवरून माणसाला गुण देणे मात्र घातक आहे. पाड्यावरची म्हातारी, घाबरलेले पोर, मोडकी मराठी बोलणारा मजूर यांच्या फोनला जास्त वेळ लागतो. जो ऑपरेटर त्यांना संयमाने ऐकतो त्याची सरासरी बिघडते, आणि जो पत्ता कळला नाही म्हणून सोडून देतो त्याची सुधारते. ज्याला सर्वाधिक वेळ द्यायला हवा त्यालाच कमी वेळ देणाऱ्याचा गौरव करणारे हे माप संग्रामपूरवर थेट अन्याय करते. माप बदलायचे असेल तर ऐकलेली माहिती बरोबर होती का, गाडी योग्य ठिकाणी गेली का, फोन करणाऱ्याला परत फोन करावा लागला का, हे तपासावे.

चुकीचेही तसेच. वरवट बकालची गाडी वरवट खंडेरावला गेली, तर पहिली प्रतिक्रिया असते नोटीस आणि पगारकपात. मग पुढची चूक दडवली जाते आणि तिच्यापासून कुणी काही शिकत नाही. विमानवाहतूक आणि रुग्णालयांत ज्याला न्याय्य संस्कृती म्हणतात, तिचा आग्रह असा: नजरचूक, बेफिकिरी आणि मुद्दाम केलेले कृत्य यांत फरक करावा, नजरचुकीची नोंद निर्भयपणे होऊ द्यावी आणि यंत्रणा दुरुस्त करावी. सारख्या नावाच्या गावांवर पडद्यावर आपोआप इशारा यावा, ही सुधारणा अशा नोंदीतूनच सुचते.

आधार कसा द्यावा, कसा देऊ नये

मोठी दुर्घटना झाली की सगळ्यांना एका खोलीत बसवून काय काय ऐकले ते सांगायला लावायचे, ही पद्धत १९८० च्या दशकात जगभर पसरली. नंतर झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात अशा एका बैठकीच्या उपचाराने आघातोत्तर तणाव टळतो असे दिसले नाही, काहींना त्यामुळे त्रासच झाला. म्हणून सक्तीने मन मोकळे करायला लावू नये. त्याऐवजी ब्रिटनच्या मरीन दलातून आलेल्या पद्धतीसारखे, प्रशिक्षित सहकाऱ्यांनी आपल्याच माणसांवर लक्ष ठेवावे: झोप उडाली आहे का, चिडचिड वाढली आहे का, रजा वाढल्या आहेत का. गरज दिसली तर तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि त्याची माहिती वरिष्ठांकडे जाऊ नये. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा २०१२ पासून आहे, सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. इतरांना धीर देणाऱ्यांनी स्वतःसाठी हे नंबर वापरावेत, इतके वातावरण मोकळे असायला हवे.

बाकी गोष्टी साध्या आणि स्वस्त आहेत. कठीण फोननंतर पंधरा मिनिटे उठून जाण्याची मुभा, पर्यवेक्षकाला न विचारता. प्रत्येकाचा स्वतःचा हेडसेट. शांत, अंधारी विश्रांतीची खोली. पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी. आणि शेवट कळवण्याची व्यवस्था: आठवड्यातून एकदा काही कॉलचे पुढे काय झाले, ते ऑपरेटरला सांगावे. संग्रामपूरहून अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेला रुग्ण घरी परतला, एवढे कळले तरी पुढची रात्रपाळी सोपी होते.

आपल्या मातीतले दाखले

हे सगळे परदेशातून आणायला हवे असे नाही. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील या पोलीस कर्मचाऱ्याने आहे त्या मनुष्यबळात आठ तासांची ड्युटी कशी बसवता येईल, याचा हिशेब मांडला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मान्य करून २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू केला आणि पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेला. बारा-बारा तासांची ड्युटी अटळ आहे, या समजाला एका शिपायाने वही-पेन्सिलीने उत्तर दिले आणि वरिष्ठांनी ऐकले. कार्यसंस्कृती बदलण्याचा याहून चांगला धडा माझ्या माहितीत नाही.

दुसरा दाखला टाटा संस्थेनेच १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाचा. पोलिसी यंत्रणेच्या आत बसूनही प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पीडित स्त्रीशी वेगळ्या भाषेत बोलू शकतात, हे त्याने सिद्ध केले. तिसरा, १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेली १०९८ ची चाइल्डलाइन. ज्यांच्यासाठी सेवा, त्या रस्त्यावरच्या मुलांचाच ती घडवण्यात सहभाग होता. कोविडच्या काळात मुंबई महापालिकेने खाटांचे फोन एकाच ठिकाणी न घेता २४ प्रभागांच्या वॉर रूममध्ये विभागले, तेव्हा ताण वाटला गेला आणि फोन घेणाऱ्याला परिसर माहीत असण्याचा फायदाही झाला.

करारात काय लिहावे, तालुक्याने काय करावे

या सर्वांतून दोन कामे पुढे येतात. पहिले सरकारचे. आपत्कालीन सेवेचा करार गाड्यांच्या संख्येवर आणि मिनिटांवर लिहिला जातो. त्यात आणखी काही रकाने असावेत: किती कर्मचारी वर्षभरात नोकरी सोडून गेले, विश्रांतीचे तास पाळले का, अंतर्गत समितीकडे किती तक्रारी आल्या आणि निकालात निघाल्या, किती बोली बोलणारी माणसे प्रत्येक पाळीत आहेत. हे आकडे प्रतिसादाच्या वेळेसोबत दरवर्षी जाहीर व्हावेत. वऱ्हाडी, कोरकू, पावरी, उर्दू जाणणाऱ्यांना त्या भाषेच्या फोनसाठी मानधन द्यावे. भाषा ही पात्रता आहे, हे पगारात दिसू द्यावे.

दुसरे काम आपले. पंचायत समितीच्या आमसभेत रस्ते आणि पाण्यासोबत १०८ आणि ११२ चाही विषय घ्यावा. गावोगावच्या पोलीस पाटलांनी आणि आशा ताईंनी मिळून वाड्या, पाडे, पांदण रस्ते, ओळखीच्या खुणा आणि सारख्या नावांच्या गावांची यादी करावी आणि ती जिल्हा नियंत्रण कक्षामार्फत केंद्रांकडे पाठवावी. शाळेत मुलांना फोन कसा करावा हे शिकवताना खोट्या फोनने कुणाचा जीव जाऊ शकतो, हेही सांगावे. आणि तालुक्यातली पदवीधर मुले-मुली पुण्या-नागपूरला नोकरी शोधतात, त्यांना हे काम करावेसे वाटेल असे ते व्हावे म्हणून आवाज उठवावा. त्या खुर्चीवर बसलेली संग्रामपूरची मुलगी आपल्या बोलीत बिनधास्त बोलेल, आठ तासांनी घरी जाईल, चूक झाली तर सांगू शकेल, तेव्हाच सोनाळ्याच्या पाड्यावरून आलेला फोन पहिल्याच झटक्यात समजून घेतला जाईल. ती व्यवस्था आपल्या करातून चालते. तिच्यातल्या माणसांना कसे वागवले जाते, हे विचारण्याचा हक्क आपला आहे आणि तो आपण वापरला पाहिजे.